आजोबांचा पेटारा ठेवू, विकू की नवं कपाट घेऊ? फर्निचर निवडीचा पूर्ण धडा

व्हिडिओत लाकूड उलटंपालटं करून दाखवता येतं, पण हिशेब नीट मांडता येत नाही. म्हणून आजचा धडा जरा लांब आहे. वही घेऊन बसा, मधे एकदोन गणितं आहेत. घरासाठी खरेदी करणाऱ्यांसाठी हा धडा आहेच, पण जुन्या-नव्या फर्निचरचा धंदा करू बघणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा, जीएसटीचं तिथे सांगितलंय.

आधी शब्द साफ करून घेऊ. माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक तीस वर्षांच्या टीपॉयलाही "अँटीक" म्हणतं आणि विकणारा तर म्हणणारच, कारण त्या एका शब्दाने किंमत दुप्पट होते. बाजारात ढोबळ रीत अशी की शंभर वर्षांच्या वरचं ते अँटीक. साधारण तीस-चाळीस वर्षांपासून शंभरपर्यंतचं, आणि त्या त्या काळाची घडण अंगावर दिसणारं, ते व्हिंटेज. बाकी सगळं सेकंडहँड. सेकंडहँड म्हणजे वाईट नव्हे, पण त्याला अँटीकचा भाव द्यायचा नाही.

शंभर वर्षांचा आकडा नुसत्या बोलण्यातला नाही, कायद्यातही आहे. 1972 चा पुरावशेष व कलानिधी कायदा, जो 1976 पासून लागू झाला, तो शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना आणि इमारतीतून काढलेल्या वस्तूंनाही पुरावशेष मानतो. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे वाड्याचा कोरीव दरवाजा, महिरप, खांब ही नुसती "जुनी लाकडं" नाहीत. दुबईच्या किंवा लंडनच्या भावाला पाठवू म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. शिसवीला तर आणखी एक अडचण आहे. 2017 पासून शिसवीची सगळी जातकुळी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहे, त्यामुळे शिसवी फर्निचर बाहेर नेताना कागद लागू शकतात.

पुराने घेतलेली परीक्षा

आता आपल्या भागाचं बोलू. पुण्या-मुंबईचे इंटिरिअरवाले जे सांगतात ते आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जूनमध्ये कपाटाचं दार घट्ट बसतं ते ऑक्टोबरात मोकळं होतं. चपलेला बुरशी येते, तिथे भुशाच्या बोर्डाची काय कथा.

आणि 22 जुलै 2021 कुणी विसरलेलं नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे ढीग लागले होते ते ज्यांनी नीट पाहिले त्यांना फर्निचरचा अर्धा धडा तिथेच मिळाला असेल. मी माल पोचवायला आणि ओळखीच्यांना मदत करायला जात होते. ढिगात सगळ्यात जास्त काय होतं? पार्टिकल बोर्डाची कपाटं, टीव्ही युनिटं, एमडीएफची शटरं, फोमचे सोफे, गाद्या. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिकट द्रव्य दाबून केलेली फळी. कडेची पट्टी निघाली की पाणी आत जातं, फळी पोह्यासारखी फुगते, आणि एकदा फुगली की वाळूनही मूळ जाडीला येत नाही. स्क्रूची पकड तर आधी जाते. एमडीएफ थोडं जास्त तग धरतं, पण शेवट तोच.

साध्या प्लायचे थर सुटले होते. पाण्यात टिकणारा प्लाय बऱ्याच घरी वाचला, फक्त वरचा सनमायका कडेने उचलला गेला. लोखंडी कपाटं उभी होती पण कुलपात आणि तळाच्या पत्र्यात गाळ बसला होता. ज्यांनी तो लगेच धुतला, वाळवून ऑइल सोडलं, त्यांची कपाटं आज वापरात आहेत. ज्यांनी "नंतर बघू" केलं त्यांचा तळ गंजून पडला.

आणि सागवानी जुनं सामान? एका काकूंच्या घरात सासऱ्यांच्या वेळचं टेबल आणि पेटारा दोन्ही पाण्याखाली होते. चिखल धुतला, खण बाहेर काढले, सावलीत विटांवर ठेवून महिनाभर वाळू दिले. पॉलिश पांढरं पडलं, एक फळी थोडी वाकली. सुताराने दोन दिवसांत दोन्ही उभे केले. त्याच घरात सहा महिन्यांपूर्वी हप्त्याने घेतलेलं बोर्डाचं वॉर्डरोब होतं. ते फेकलं, हप्ते मात्र पुढे चालू राहिले. तेव्हा काकूंनी मला विचारलेला प्रश्न मी आजही प्रशिक्षणात सांगते: "अगं, मी नक्की काय विकत घेतलं होतं?"

याचं उत्तर हिशेबात आहे. वस्तूची किंमत भागिले ती आपल्याकडे टिकणार ती वर्षं. समजा बोर्डाचं कपाट 12,000 रुपयांचं आहे आणि आपल्या दमटपणात पाच वर्षं चाललं. वर्षाला 2,400 पडले. जुनं सागवानी कपाट समजा 14,000 ला मिळालं, वर 6,000 दुरुस्ती-पॉलिशचे, म्हणजे 20,000. ते सहज पंचवीस वर्षं चालेल. वर्षाला 800. शिवाय विकायला काढलं तर त्याला गिऱ्हाईक आहे, बोर्डाला भंगारवालाही हात लावत नाही. आकडे तुमच्या बाजारातले घाला, रीत हीच ठेवा. पण पाच वर्षांनी तुम्ही घर बदलणार असाल, भाड्याने राहत असाल, तर हेच गणित उलटं फिरतं. जड कपाट दर वेळी टेम्पोत चढवायचा खर्चही त्यात धरा.

जुनं तपासायचं कसं

पुढची बाजू बघूच नका. पुढून सगळेच चांगले दिसतात. खण बाहेर ओढा आणि उलटा करा. पाठीमागची फळी बघा, पायांचा तळ बघा.

लाकूड आधी. आपल्याकडे जुन्या घरांत साग, शिसव, फणस, शिवण, ऐन, आंबा असं सगळं सापडतं. पूर्वी दासगावपर्यंत खाडीने बोटी यायच्या, त्यामुळे बाहेरचं लाकूडही इथे पोचलेलं आहे. सागाला खालून जरा खरवडलं की चामड्यासारखा, तेलकट वास येतो. शिसव काळपट जांभळी आणि हातात जड. फणस नवा असताना पिवळा, वर्षांनी तपकिरी होतो आणि अनेकजण त्याला साग म्हणून विकतात. फणसही चांगला टिकतो, माझं त्याच्याशी भांडण नाही, पण भाव फणसाचाच द्यायचा. आंब्याला कीड लवकर लागते, त्याला विचार करून घ्या.

मग जोड. जुन्या सुताराने एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडाचीच खुंटी ठोकलेली असते. खणाच्या कोपऱ्यात पंख्यासारखे दात एकमेकांत अडकवलेले दिसतील, आणि ते हाताने कापलेले असल्यामुळे सारखे नसतील. सगळे दात अगदी एकसारखे असतील तर यंत्राचं काम आहे. स्क्रू बघा. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू 1930 नंतरच्या दशकात बाजारात आला. "पेशवाईतलं आहे" म्हणून दाखवलेल्या पेटाऱ्यात मूळच्या जागी असा स्क्रू दिसला तर एक तर पेटारा पेशवाईतला नाही किंवा नंतर कुणी हात फिरवलाय. कुठलं ते विचारा, उत्तर देणाऱ्याचा चेहराही बघा. आत सनमायका असेल तर ते काम स्वातंत्र्यानंतरचं.

आणखी एक सोपी खूण. लाकूड वर्षानुवर्षं आडव्या अंगाने आकसतं, उभ्या अंगाने जवळजवळ नाही. त्यामुळे खरंच जुनं गोल टेबल मापलं तर पूर्ण गोल भरत नाही, एका बाजूने थोडं कमी भरतं. टेप घेऊन जा. खोटं जुनं करणारे चहाच्या पाण्याने, रंगाने लाकूड काळं करतात, साखळीने ठोके मारतात, ड्रिलने किडीची भोकंही पाडतात. पण गोल टेबलाला आकसवायला कुणी बसत नाही. झीज कुठे आहे तेही बघा. खुर्चीच्या हाताचा पुढचा भाग, खणाच्या खालची कड, पेटाऱ्याच्या कडीखालची जागा, इथे झीज हवी. जिथे हात जातच नाही तिथे झीज दिसली तर ती कुणीतरी केलेली आहे.

कीड. बारीक भोकं दिसली म्हणून लगेच पळू नका, ती पन्नास वर्षांपूर्वीचीही असतात. वस्तूखाली काळा कागद अंथरा आणि आठ दिवसांनी बघा. पिठासारखा ताजा भुसा पडला असेल तर आत भुंगा जिवंत आहे. औषध करूनच घरात घ्या, नाहीतर तो तुमच्या चौकटींत जाईल. वाळवी वेगळी. तिने खाल्लेलं लाकूड बोटाने ठोकलं की पोकळ वाजतं, आणि मातीच्या नळ्या दिसतात. पायाचे शेवटचे चार इंच पोकळ असतील तर सुतार नवा तुकडा जोडून देतो. उभा खांबच पोकळ असेल तर सोडा.

मुंबईला जाऊन बघायचं असेल तर चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट या दोन जागा. ओशिवऱ्याला जुन्या घराच्या लाकडातून नव्याने घडवलेलं आणि जुन्या पद्धतीचं नवं असं दोन्ही असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त बिलावर "जुन्या लाकडातून नवीन" असं लिहून मागा. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवीचं भरगच्च कोरीव फर्निचर बनायचं, त्याला आजही बॉम्बे ब्लॅकवूड म्हणून जगात मागणी आहे. त्याची नक्कलही तितकीच होते. कोरीवकामाच्या खोल खाचेत बोट घाला. यंत्राने कोरलेल्या खाचेचा तळ गोल आणि सगळीकडे सारखा लागतो, हाताच्या छिन्नीचा तळ उंचसखल लागतो.

वाडा मोडताना

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. आपल्या गावांत रोज कुठेतरी कौलारू घर उतरतंय आणि स्लॅब पडतोय. भाऊ मुंबईला, काका बडोद्याला, गावच्या माणसाला पावसाआधी काम संपवायचंय. अशा वेळी टेम्पो घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, "सगळं मिळून उचलतो, वीस हजार देतो." घाई असते, धूळ असते, आणि सगळ्यांना वाटतं बला टळली.

गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. दोन भावांचं घर उतरणार होतं, सामानात झोपाळा, पेटारा, देव्हारा आणि एक लिहिण्याचं टेबल. टेबलाला टेम्पोवाला 2,500 देत होता. गुरुजींना विकायचंच होतं, नव्या घरात जागा नव्हती. मी म्हटलं, आठवण बाजूला ठेवा, आधी नुसतं लाकूड मोजू.

तुम्हीही मोजा माझ्याबरोबर. वरची फळी पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, एक इंच जाड. पाच गुणिले अडीच म्हणजे साडेबारा, भागिले बारा, म्हणजे 1.04 घनफूट. चार पाय, प्रत्येकी तीन इंच बाय तीन इंच, अडीच फूट उंच. ते 0.63 भरतात. खालची चौकट पंधरा फूट, चार इंच बाय एक इंच, ती 0.42. बेरीज दोन घनफुटांच्या थोडी वर. चांगल्या सागाचा भाव समजा 3,500 रुपये घनफूट धरला तर सात हजार तीनशेच्या आसपास नुसतं लाकूड होतं. घडण, जुनेपणा, पितळी कड्या सगळं फुकट धरून! गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तीच बेरीज स्वतः केली. मास्तरच ते. टेबल महाडच्या एका वकिलांनी योग्य भावाने घेतलं.

पण पुढची गोष्ट भावांची. झोपाळा धाकट्याला हवा होता, पण मुंबईच्या फ्लॅटमध्ये स्लॅबला कडी नव्हती. थोरल्याला नको होता, पण "धाकट्याला फुकट का?" हा प्रश्न होता. असे झगडे मी बरेच पाहिलेत, आणि त्यात वस्तू शेवटी टेम्पोवाल्याकडेच जाते, कारण परक्याला विकणं सोपं असतं. यावर व्यवहारी उपाय आहे. सगळ्या वस्तूंची यादी करा, प्रत्येकीची बाजारातली किंमत बाहेरच्या माणसाकडून लिहून घ्या, आणि ज्याला जे हवं ते त्याच्या हिश्शातून वजा करा. यादी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ दे, तोंडी ठेवू नका. गुरुजींनी तसंच केलं. धाकट्याने झोपाळ्याची रक्कम हिश्शातून सोडली, लोखंडी स्टँड करून घेतला आणि झोपाळा आज डोंबिवलीत आहे.

घर उतरवताना तुळया, वासे, कडीपाटाच्या फळ्या निघतात. त्यापासून नवं फर्निचर करणं ही आपल्याकडची सगळ्यात चांगली खरेदी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ते लाकूड आकसायचं तेवढं आकसून झालेलं असतं. फक्त खिळे सगळे काढून द्या नाहीतर कापणारा यंत्राचं पातं तुटल्याचे पैसे लावेल, आणि सागवानी लाकूड गाडीत भरून दुसऱ्या गावी न्यायच्या आधी वनविभागाच्या वाहतूक परवान्याची चौकशी करा. रस्त्यात गाडी अडल्यावर "आमच्याच घरचं आहे" हे सिद्ध करत बसावं लागतं. उतरवण्याआधी घराचे फोटो काढून ठेवा.

नवं कुठे घ्यायचं

जुन्याचं कौतुक मी पुष्कळ केलं, पण मी स्वतः नवं विकते आणि काही गोष्टी नव्याच घ्या असंच सांगते. सोफा आणि गादी जुनी नको. आत काय आहे ते दिसत नाही, आणि ढेकूण एकदा घरात शिरले की त्यांना घालवण्याचा खर्च सोफ्याहून जास्त. पलंग जुना घेतलात तर आधी माप घ्या, जुन्या पलंगांना आजच्या तयार गाद्या बसत नाहीत, गादी मुद्दाम शिवून घ्यावी लागते.

रंगवलेला जुना पाळणा बाळासाठी वापरू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून कडक मर्यादा आली, त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल सांगता येत नाही, आणि बाळ कठडा चावणारच. आजीचा पाळणाच हवा असेल तर रंग पूर्ण काढून घ्या, तेही मोकळ्या जागेत, तोंडाला मास्क बांधून, आणि खरवडलेली धूळ ओल्या फडक्याने गोळा करून.

स्वयंपाकघराच्या ओट्याखाली प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस 303 म्हणजे सर्वसाधारण प्लाय, त्यातही साधा ओलाव्याचा आणि पाण्याला जास्त टिकणारा असे प्रकार आहेत. आयएस 710 म्हणजे मरीन. आपल्या हवेत ओटा आणि बाथरूमजवळ 710 च घ्या, बाकी ठिकाणी पैसे वाचवा. दुकानदार नुसतं "वॉटरप्रूफ आहे ताई" म्हणाला तर शिक्का दाखवा म्हणा. कापलेल्या फळीच्या सगळ्या कडा सील करून घ्या, मागच्यासुद्धा. सुतार मागची कड सोडतो कारण ती दिसत नाही, आणि ओल तिथूनच चढते.

लोखंडी कपाटाला लोक हल्ली नाक मुरडतात. गोदरेज 1923 पासून स्टीलची कपाटं बनवतंय, आणि आपल्याकडे चाळीस-पन्नास वर्षांची कपाटं घराघरात आहेत. व्हिंटेज म्हणून शहरात त्यांना रंग मारून दुप्पट भावाने विकतात. तुमच्या माळ्यावर असेल तर खाली काढा. तळमजल्यावर ठेवणार असाल तर खाली सहा इंचाचा कडप्प्याचा ओटा करा.

दुकानदारांसाठी

जुन्या फर्निचरचा धंदा करणाऱ्यांनो, जीएसटी नोंदणी असेल तर सीजीएसटी नियम 32(5) तुमच्या सीएला विचारा. वापरलेली वस्तू घेऊन तशीच किंवा स्वरूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती करून विकली, आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल, तर कर पूर्ण विक्रीवर नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. समजा कपाट 10,000 ला घेतलं, 15,000 ला विकलं, तर कर 5,000 वर. तोट्यात विकलं तर त्या व्यवहाराचं मूल्य धरलंच जात नाही. पण वासे कापून नवं टेबल केलं तर ती नवी वस्तू झाली, तिथे ही सवलत नाही. त्यामुळे दोन्ही कामांच्या वह्या वेगळ्या ठेवा. घरातल्या माणसाकडून घेताना साध्या कागदावर का होईना, नाव, वस्तू, रक्कम आणि सही घ्या, आणि पैसे शक्यतो बँकेतून द्या. चोरीचा माल निघाला तर हाच कागद तुम्हाला वाचवतो.

शेवटी एक काम. कुठलंही मोठं सामान ठरवण्याआधी तीन मापं घ्या: दाराची रुंदी, जिन्याच्या वळणावरची जागा, आणि जिथे ठेवायचंय त्या भिंतीला जूनमध्ये ओल येते का. पहिली दोन आज टेपने घेता येतील. तिसऱ्यासाठी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, आणि त्या भिंतीपासून कपाट निदान तीन बोटं पुढे ठेवा.